पडवीतला बाक आणि तीन वह्या

मी, बाबाजी हिराजी खारगावकर, वय अडुसष्ट, धंदा पूर्वी इंग्रजीचा शिक्षक, सध्या काही नाही, राहणार श्रीवर्धन, जिल्हा कुलाबा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, माझ्या पडवीत बसून, दिवसाउजेडी लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. कोणी भुलवलेले नाही, आणि भुलवून काढून घेण्याजोगे माझ्यापाशी फारसे उरलेलेही नाही. डॉक्टरांनी काल तपासून माझे डोके शाबूत असल्याचा दाखला दिला, तो सोबत जोडला आहे. छातीबद्दल मागितला असता तर त्यांनी दिला नसता. मला विचाराल तर डोके थोडे आधी गेले असते तरी चालले असते.

मी १९५९ साली एक मृत्युपत्र केले होते, ते याने रद्द केले आहे. त्यात माझा मुलगा बाळाजी याच्याविषयी 'परागंदा झालेला' असे शब्द मी घातले होते. तो परागंदा नव्हता. मी त्याला शोधले नव्हते, एवढेच.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी फकरुद्दीन इस्माईल मुकादम याने करावी. हा माझा विद्यार्थी, बाळाजीच्या वर्गातला आणि त्याचा जिवाभावाचा सोबती. मुंबईस सुपारीचा व्यापार करतो, दर दोन महिन्यांनी गावी येतो आणि आला की माझ्या पाया पडतो. पाया पडू नकोस म्हणून मी त्याला पुष्कळदा सांगितले. माझे जे झाले ते सगळे त्याला ठाऊक आहे, तरी तो येतो. म्हणून त्याची नेमणूक केली आहे.

कलम २. राहते घर, त्यामागची विहीर आणि एकवीस पोफळींची वाडी ही माझी स्वकष्टार्जित मिळकत असून ती मी माझा मुलगा बाळाजी यास देत आहे. अट काहीही नाही. त्याने येथे येऊन राहावे, माझे दिवस घालावेत, फोटो लावावा, यांतले काहीही मी मागत नाही. त्याने नाकारल्यास ही मिळकत त्याची मुलगी काशी हिला मिळावी. काशीला मी पाहिलेले नाही. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

पोफळींना चैत्र-वैशाखात एक दिवसाआड शिंपणे लागते, हे नव्या मालकास कोणीतरी सांगावे.

कलम ३. शेजारी रावजी याने पाच वर्षांमागे माझी बांबूची शिडी दोन दिवसांसाठी म्हणून नेली. ती मी त्याला या कलमान्वये देणगी देत आहे. हे कलम त्याच्या अंगणात उभे राहून, घरातली सगळी माणसे असताना, मोठ्याने वाचावे.

कलम ४. आता वह्या. कपाटाच्या वरच्या खणात लाल फडक्यात बांधलेल्या तीन वह्या आहेत. त्यांत इंग्रजीतील तुलनेच्या, गोंधळात टाकणाऱ्या शब्दप्रयोगांचा उलगडा आहे. एकूण तीनशे बारा वाक्ये, प्रत्येकाचा मराठी अर्थ आणि तो लक्षात कसा ठेवावा याची युक्ती. माझ्या नोकरीची सगळी वर्षे त्यात गेली. पुण्याच्या एका प्रकाशकाने गेल्या वर्षी ते छापण्याची तयारी दाखवली होती. त्याचे पत्र वहीतच आहे.

ज्यांना हा विषय ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे लिहितो, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. झाडाखाली दहा सुपाऱ्या पडल्या आहेत. इंग्रज 'नो लेस दॅन टेन' म्हणाला तर तब्बल दहा. 'नॉट लेस दॅन टेन' म्हणाला तर निदान दहा, जास्तही असतील. 'नो मोअर दॅन टेन' म्हणजे अवघ्या दहा. 'नॉट मोअर दॅन टेन' म्हणजे फार तर दहा. सुपाऱ्या त्याच असल्या तरी बोलणाऱ्याचे मन निराळे असते. तब्बल, निदान, अवघ्या, फार तर हे चार शब्द मी फळ्याच्या चार कोपऱ्यांत लिहून ठेवीत असे, आणि भाताच्या खाचरातून चिखलाच्या पायांनी आलेली मुले आठ दिवसांत ते बिनचूक सांगत. त्याचा मला अभिमान होता. अजून आहे, हे लिहिताना लाज वाटते तरीही.

यापुढचा प्रयोग कठीण. अमका तमक्यापेक्षा 'नो मोअर' विद्वान, असे इंग्रजीत असले की मुले घोटाळा करीत. त्यांना वाटे, दुसरा थोडा विद्वान आहे आणि पहिला त्याच्याहून जास्त नाही. अर्थ तसा नाही. दुसरा मुळीच विद्वान नाही आणि पहिलाही तितकाच नाही, असा तो अर्थ. व्याकरणाच्या पुस्तकात याला माशांची आणि घोड्यांची उदाहरणे होती, ती आमच्या मुलांच्या डोक्यात शिरेनात. मी एक रीत काढली. आधी दुसऱ्याबद्दल विचारायचे, मग पहिल्याबद्दल. आणि नावे वर्गातलीच घालायची, म्हणजे मुले विसरत नाहीत.

स्वातंत्र्य मिळाले त्या वर्षी बाळाजी मॅट्रिकच्या वर्गात माझ्यासमोर होता. मास्तरचा मुलगा वर्गात असला की गावाचे डोळे मास्तरावर असतात. याने पोराला झुकते माप दिले असे कोणी म्हणू नये, म्हणून शाळेत त्याने मला सर म्हणायचे, आणि उदाहरणात खालचे नाव नेहमी त्याचे घालायचे, असा मी नियम केला. गावाने तो मागितला नव्हता. शाळेनेही मागितला नव्हता. तो माझा होता आणि मला तो फार न्यायाचा वाटला.

त्या दिवशी मी फळ्यावर लिहिले: 'बाळाजी इज नो मोअर अ स्कॉलर दॅन धिस बेंच इज.' मग त्याच्याच बाकावर छडीने टकटक केली आणि वर्गाला विचारले,

"हा बाक विद्वान आहे का?"

"नाही!"

"मग बाळाजी?"

"नाही!"

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. नियम एका तासात सगळ्यांना पाठ झाला. महिन्याभराने तपासणीस साहेब आले, तेव्हा मी तोच पाठ घेतला. त्यांनी शेरेबुकात 'मनोरंजक व परिणामकारक पद्धत' असे लिहिले. त्या शेऱ्याची नक्कल मी चौकट करून भिंतीला लावली आहे. चौकट व काच कोणाच्या उपयोगी पडेल त्याने न्यावी. आतला कागद खाडीत टाकावा.

त्या दोन्ही वेळी बाळाजी मान खाली घालून बसला होता आणि बाकाच्या खालच्या फळीवर अंगठा घाशीत होता. मी ते पाहत होतो.

पुढे पोरांनी त्याचे नाव 'बाक' पाडले. बंदरावर, मासळीच्या बाजारात, सगळीकडे. मॅट्रिकचा निकाल आला तेव्हा गणितात तो शाळेत पहिला होता, संस्कृतातही चांगला होता, आणि इंग्रजीत शून्य. इंग्रजीच्या मास्तरच्या मुलाला इंग्रजीत शून्य. मी आठ दिवस घराबाहेर पडलो नाही. मला माझी लाज वाटली, त्याचे काय झाले असेल हा विचार मनात आला नाही. परीक्षेत फकरुद्दीन त्याच्या मागे बसला होता. त्याने मला खरे सांगायला अकरा वर्षे घेतली.

"सर, तो तीन तास बसून होता. नंबर घातलान, आनि पुढं कायेक लिवलान नाय. येत नव्हतं असं नाय, सर. माझा एक प्रश्न त्यानंच आदल्या दिवशी सोडवून दिलान होता."

निकालाच्या नवव्या दिवशी बाळाजी ट्रंक घेऊन निघाला. दिघीच्या धक्क्यावर खाडी ओलांडणाऱ्या तरीची वाट पाहत होता, तेथे मी त्याला गाठले. पलीकडे आगरदांड्याला जाणारी माणसे बसली होती. मी त्याला 'जाऊ नकोस' म्हणायला हवे होते. मी म्हणालो, "निदान इंग्रजीचा पेपर पुन्हा दे." त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बरं, सर."

तो शाळेत नव्हता तेव्हा. तरी सर म्हणाला. त्यानंतर एकोणीस वर्षांत मी त्याचा आवाज ऐकलेला नाही.

या वह्यांतील तीनशे बारा वाक्यांपैकी चौऱ्याण्णव वाक्यांत बाळाजीचे नाव आहे. मी गेल्या महिन्यात मोजली. त्र्याण्णव ठिकाणी तो कमी आहे: कमी हुशार, कमी उद्योगी, कमी धीट. एकाच वाक्यात तो जास्त आहे. बाळाजी आपल्या आईपेक्षा उंच आहे, असे ते वाक्य. ते पान मी कापून काढले आहे, त्याची सोय पुढे केली आहे. बाकी वह्या छापू नयेत. प्रकाशकाला तसे कळवावे.

कलम ५. माझी पत्नी मनुबाई १९५८ साली वारली. तिची नथ, पितळेची समई आणि दोन नऊवारी लुगडी काशीला द्यावीत. मनुबाईला अक्षरओळख नव्हती, पण 'बाक' म्हणजे काय हे तिला गावच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर कळले. गोदू नावाची शेजारीण तिला पाहून म्हणाली होती, "बाकाची आय आली, वाट द्या." मनुबाई कळशी रिकामीच घेऊन घरी आली आणि मला म्हणाली, "तुमी फला पुसून घरी येता. त्यो पोर तसाच येतो, न पुसता." मी तिला सांगितले की हे शिकवण्याचे शास्त्र आहे, तुला कळायचे नाही. ती पुन्हा या विषयावर बोलली नाही. दहा वर्षे तिने माझे जेवणखाण, दुखणेखुपणे सगळे केले, पण त्याचे नाव माझ्यासमोर घेतले नाही. शेवटच्या आजारात ती दाराकडे पाहत असे. मी विचारले, कोण हवे आहे? ती म्हणाली, "कोन न्हाय." मला हे दोन शब्द तेव्हाही कळले होते.

कलम ६. माझे दोन शब्दकोश, व्याकरणाची पुस्तके व बाकीची चांगली पुस्तके नलू हिला द्यावीत. नलू माझ्या शेवटच्या वर्गातली, आता त्याच शाळेत इंग्रजी शिकवते आणि चांगले शिकवते. मागच्या पावसाळ्यात मी शाळेवरून जात असता खिडकीतून तिचा वर्ग ऐकू आला. हा बाक विद्वान आहे का? नाही! मग बाळाजी? नाही! मी कुंपणाला धरून उभा राहिलो. ती बाहेर आली तेव्हा मी म्हणालो, नलू, ते वाक्य काढून टाक.

"सर, ते काढलं तर पोरांच्या लक्षातच ऱ्हात न्हाय," ती म्हणाली. "मी दुसरं नाव घालून बघितलं. बाळाजीच बसतो त्यात. पन सर, हा बाळाजी कुनी होता काय खरा?"

मी म्हणालो, नाही. हे खोटे मी याच तोंडाने बोललो. नलूला आता हे कलम वाचून दाखवावे, आणि पुस्तके द्यावीत. तिचा काही दोष नाही.

कलम ७. टपाल कचेरीतील बचतीच्या पुस्तकावर जे काही असेल ते काशीच्या शिक्षणासाठी आहे. ती जे शिकेल त्यासाठी. इंग्रजी शिकलीच पाहिजे असे नाही.

काशी आहे हे मला गेल्या ज्येष्ठात कळले. एकोणीस वर्षांत बाळाजीचे आलेले पत्र अवघे एक. ते पोस्टकार्ड आहे आणि येथे जसेच्या तसे उतरवून ठेवीत आहे, म्हणजे मी त्यात काही घातले किंवा गाळले असे कोणी म्हणणार नाही.

'श्री. खारगावकर मास्तर यांस. माझी मुलगी काशी आठवीत आहे. इंग्रजीच्या शिकवणीला जाते. शिकवणीचे मास्तर श्रीवर्धनचे, तुमच्या हाताखालचे आहेत. परवा तिने घरी पाठ म्हणून दाखवला. बाकाचा. म्हणाली, बाबा, तुमच्याच नावाचा आहे, हा बाळाजी कोण? मी म्हटले, असेल कोणीतरी. तिला तो पाठ फार आवडतो, सारखा म्हणते. बाकी ठीक. इकडे येऊ नये. बाळाजी.'

मुलगा बापाला तीर्थरूप लिहितो. मला मास्तर लिहिले आहे, आणि तो माझ्यावर अन्याय नाही. मी ते कार्ड हातात घेऊन पडवीत बसलो होतो आणि मला नात आहे याचा आनंद करावा की काय करावे हे कळेना. तिच्या तोंडून तिच्या बापाला मीच ऐकू गेलो होतो.

मी गेलो नाही. फकरुद्दीनला पाठवले. शिकवणीच्या मास्तरांकडून पत्ता काढून तो परळच्या चाळीत गेला आणि घर, वाडी सगळे तुझेच आहे असे त्याने सांगितले. परत येऊन तो माझ्याजवळ खाली बसला.

"काय म्हणाला?" मी विचारले.

"घर नको म्हनाला, सर. वाडी नको. चा पाजलान मला. मग इचारलान, तो बाक हाय काय अजून?"

"तू काय सांगितलेस?"

"खोटं कसं बोलू? हाय म्हटलं. सरांच्या पडवीत. मग जिन्यापर्यंत पोचवायला आला, नि परत गेला."

कलम ८. शाळेने नवे बाक घेतले तेव्हा जुने लिलावात निघाले. तिसऱ्या ओळीतला तो बाक मी घेतला. लोकांना वाटले, मास्तरांचा जीव शाळेत अडकला आहे. मी त्याच्यावर बसतो, आताही बसलो आहे. खालच्या फळीला अंगठ्याएवढा खळगा आहे, तेथे माझाही अंगठा बसतो. तो मी जपून ठेवला तर बाळाजीला कधीतरी दाखवीन, त्याची क्षमा मागीन, असे मनात होते. फकरुद्दीन आला त्या दिवशी मला समजले की माझ्या पडवीत बाक आहे याचा अर्थ बाळाजीला काय वाटला असेल. ज्याने त्याचे हसे केले तो माणूस तीच वस्तू बक्षिसासारखी दारात मांडून बसला आहे, असेच त्याला वाटले असणार. मी मात्र तसा बसलेलो नव्हतो, आणि हे त्याला सांगायला मला आता तोंड नाही.

म्हणून हा बाक फोडावा आणि त्याची लाकडे माझ्या सरणात घालावीत. साग आहे, चांगला पेटेल. लाल फडक्यातल्या तिन्ही वह्या माझ्या छातीवर ठेवाव्यात. बाळाजीला तार करावी. तारेत 'ये' असे लिहू नये, मी गेलो आणि बाक जाळला, एवढेच लिहावे. तो न आल्यास अग्नी रावजीने द्यावा, शिडीची भरपाई म्हणून.

वह्या जाळून काय होणार हे मला ठाऊक आहे. मृत्युपत्राने मागचे मृत्युपत्र रद्द करता येते. मी शिकवलेले वाक्य श्रीवर्धनात आहे, म्हसळ्यात आहे, दिघीच्या तरीवर आहे, परळला माझ्या नातीच्या तोंडी आहे, आणि ते परत घेण्याचे कलम कोणत्याही कायद्यात नाही. माझ्या मिळकतीपैकी एवढीच एक गोष्ट टिकणार आहे.

कलम ९. कापून काढलेले पान काशीला द्यावे, आणि पुढचा मजकूर फकरुद्दीनने तिला वाचून दाखवावा. तिच्या बापाची हरकत असेल तर वाचू नये.

चि. काशी, हा बाळाजी कोण, असे तू विचारलेस. तो तुझा बाप. असेल कोणीतरी, असे तो म्हणाला, कारण माझे नाव त्याला तुझ्यासमोर काढायचे नव्हते. १९४८ च्या मॅट्रिकला गणितात तो शाळेत पहिला होता. हे मी फळ्यावर कधी लिहिले नाही, म्हणून ते कोणाला पाठ नाही. तू तेवढे पाठ कर. त्याची तुलना कोणाशी करण्याचे काही कारण नव्हते. तो माझा मुलगा होता आणि मला फार आवडत असे, हे मी त्याला कोणत्याही भाषेत सांगितले नाही. तुझा आजोबा, बाबाजी.

येथवरचा मजकूर मी खाली सही करणाऱ्या दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला. दोघेही माझे १९५१ सालचे विद्यार्थी, दोघेही आता कर्ती माणसे आहेत. वाचन शांतपणे चालले होते. कलम चारमध्ये 'हा बाक विद्वान आहे का' येथे आलो तेव्हा दोघे एका सुरात, मोठ्याने, 'नाही' म्हणाले. मी थांबलो. पुढचा प्रश्न मी वाचला नाही.

तरी उत्तर आले.

त्यानंतर दोघांनी मान खाली घातली, आणि मी राहिलेला मजकूर वाचून पुरा केला. हे मृत्युपत्र मला मान्य आहे.

(सही) बाबाजी हिराजी खारगावकर

मृत्युपत्र करणाराने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. सरांची आम्ही माफी मागितली. ते म्हणाले, माझी मागू नका.

साक्षीदार:
(सही) नजमुद्दीन अब्दुल धनसे, राहणार श्रीवर्धन
(सही) कोंडाजी लक्ष्मण पायेर, राहणार श्रीवर्धन

मुक्काम श्रीवर्धन, तारीख २ डिसेंबर १९६७